अतिविशाल इंडक्टर : हेन्रीचे माप, ऊर्जेचे गणित आणि उपयोग

प्रस्तावना

विद्युतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात रोध, कपॅसिटर व इंडक्टर हे तीन मूलभूत घटक एकाच प्रकरणात शिकविले जातात. रोध व कपॅसिटर विद्यार्थ्याच्या हाती लवकर येतात. प्रयोगशाळेतील प्रत्येक पाटीवर ते डझनांनी असतात. इंडक्टर मात्र फारसा दिसत नाही. जो दिसतो तो फेराइटच्या तुकड्यावर गुंडाळलेले तांब्याचे दहा-वीस वेढे एवढाच असतो. त्यामुळे इंडक्टर हा किरकोळ घटक आहे अशी समजूत होते आणि 'एक हेन्री' किंवा 'दहा हेन्री' हे आकडे केवळ गणितापुरते उरतात.

वस्तुतः कित्येक हेन्रींचे इंडक्टर समाजाच्या रोजच्या व्यवहारात पूर्वीपासून आहेत. काही घराच्या छताला टांगलेले होते, काही वीज उपकेंद्राच्या आवारात उभे आहेत, काही रुग्णालयाच्या तळमजल्यावर आहेत, तर काही युरोपात जमिनीखालच्या बोगद्यात आहेत. मोठा इंडक्टर कशास म्हणावे, तो कोठे वापरतात, इलेक्ट्रॉनिक्समधून तो कोठे हद्दपार झाला व कोठे होऊ शकला नाही, आणि त्याच्याशी काम करणाऱ्याने कोणती दक्षता घ्यावयास हवी, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इंडक्टन्सचा शोध

मायकेल फॅरडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळून विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा प्रसिद्ध प्रयोग केला. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्या वेटोळ्यात क्षणिक प्रवाह निर्माण होतो, असे त्यांना आढळले. याच काळात अमेरिकेतील आल्बनी येथील अकॅडमीत गणित व पदार्थविज्ञान शिकविणारे जोसेफ हेन्री अशाच विषयावर काम करीत होते. गरिबीत वाढलेल्या हेन्रींनी लहानपणी घड्याळजीकडे उमेदवारी केली होती. शाळेच्या अध्यापनातून वेळ मिळत नसल्याने त्यांचे बरेचसे प्रयोग सुट्टीच्या दिवसांत होत.

हेन्रींना एक वेगळी गोष्ट आढळली. आखूड तारेने जोडलेला परिपथ तोडला तर ठिणगी क्षीण पडते. तीच बॅटरी लांब तारेला, विशेषतः गुंडाळलेल्या लांब तारेला जोडून परिपथ तोडला तर ठिणगी झगझगीत पडते. वेटोळे स्वतःच्याच प्रवाहातील बदलाला विरोध करते, हा स्वयंप्रवर्तनाचा गुणधर्म त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केला. १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने इंडक्टन्सच्या एककास 'हेन्री' हे नाव दिले. हे एकक मुळात तुटणाऱ्या परिपथातील ठिणगीच्या निरीक्षणातून आले आहे, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एक हेन्री म्हणजे किती?

वेटोळ्यातील प्रवाह दर सेकंदास एक अँपिअर या दराने बदलत असताना त्याच्या टोकांवर एक व्होल्ट निर्माण होत असेल, तर त्याचे इंडक्टन्स एक हेन्री होय. वेढ्यांची संख्या दुप्पट केली तर इंडक्टन्स सुमारे चौपट होते. आत लोखंडाचा गाभा घातला तर ते शेकडो पटींनी वाढू शकते. म्हणून बारीक तारेचे हजारो वेढे लोखंडी गाभ्यावर गुंडाळून मुठीत मावणाऱ्या वस्तूतही अनेक हेन्री मिळविता येतात. केवळ हेन्रींचा आकडा मोठा असणे ही अवघड गोष्ट नाही.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. इंडक्टरमध्ये प्रवाह वाहत असताना त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. तिचे सूत्र असे :

ऊर्जा = ½ × इंडक्टन्स × प्रवाह × प्रवाह

यात इंडक्टन्स एकदा येते आणि प्रवाह दोनदा येतो. प्रवाह दहापट झाला तर ऊर्जा शंभरपट होते. साहजिकच इंडक्टर खऱ्या अर्थाने किती मोठा, हे हेन्रींचा आकडा एकटा सांगत नाही. तो किती प्रवाहासाठी बांधला आहे, हे पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण : ट्यूबलाइटचा चोक

जुन्या पद्धतीच्या ४० वॉटच्या ट्यूबलाइटच्या पट्टीत लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याचा जड चोक असे. ट्यूब एकदा पेटली की तिच्यातील वायू वाटेल तेवढा प्रवाह घेऊ पाहतो. त्याला सुमारे ०.४३ अँपिअरवर रोखणे हे चोकचे काम. त्यासाठी ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर साधारण ४०० ओहमचा अडथळा लागतो. या अडथळ्याला ३१४ ने भागले असता चोकचे इंडक्टन्स सुमारे सव्वा हेन्री येते. म्हणजे भारतातील कोट्यवधी घरांत एक हेन्रीपेक्षा मोठा इंडक्टर अनेक दशके गुंजारव करीत होता.

ट्यूब पेटविण्याचे कामही चोकच करी. स्टार्टर उघडला की चोकमधील प्रवाह एकाएकी तुटे आणि त्यातून निर्माण होणाऱ्या उच्च दाबाच्या धक्क्याने ट्यूबमधील वायू विद्युतवाहक होई. हेन्रींच्या ठिणगीचाच हा घरगुती उपयोग. या चोकमध्ये साठणारी जास्तीत जास्त ऊर्जा मात्र सुमारे ०.२३ ज्यूल, म्हणजे अगदी थोडी असते.

दुसरे उदाहरण : उपकेंद्रातील शंट रिअॅक्टर

अतिउच्च दाबाची लांब वाहिनी स्वतः एखाद्या लांबलचक कपॅसिटरसारखी वागते. रात्री विजेची मागणी कमी झाली की या गुणधर्मामुळे वाहिनीच्या दूरच्या टोकाचा दाब मर्यादेबाहेर चढू लागतो. तो आवरण्यासाठी वाहिनी व जमीन यांच्यामध्ये मोठा इंडक्टर जोडतात. त्यास शंट रिअॅक्टर म्हणतात. बाहेरून तो तेलाची टाकी व रेडिएटर असलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखाच दिसतो.

भारतातील ४०० किलोव्होल्टच्या जाळ्यात ४२० किलोव्होल्ट, ८० एमव्हीएआर क्षमतेचे रिअॅक्टर प्रचलित आहेत. या दोन आकड्यांवरून प्रत्येक फेजचा अडथळा २,२०५ ओहम, इंडक्टन्स सुमारे ७ हेन्री व प्रवाह सुमारे ११० अँपिअर येतो. प्रवाहाच्या शिखरक्षणी एका फेजमध्ये साठलेली ऊर्जा सुमारे ८५,००० ज्यूल भरते. ट्यूबलाइटच्या चोकच्या तुलनेत हेन्री साडेपाच पटींहून किंचित अधिक आहेत. ऊर्जा मात्र साडेतीन लाख पटींहून अधिक आहे.

तिसरे उदाहरण : एलएचसीचे अतिसंवाहक चुंबक

स्वित्झर्लंड व फ्रान्सच्या सीमेवर सर्न या संस्थेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजेच एलएचसी, २७ किलोमीटर परिघाच्या भूमिगत बोगद्यात आहे. कणांचा झोत वर्तुळाकार मार्गावर वळविण्यासाठी तेथे १,२३२ मुख्य द्विध्रुव चुंबक आहेत. त्यांचे आठ विभाग केले असून प्रत्येक विभागातील १५४ चुंबक एकसरीत जोडलेले आहेत. एका चुंबकाचे इंडक्टन्स सुमारे ०.१ हेन्री, म्हणून एका विभागाचे सुमारे १५.४ हेन्री होते. आकडा ऐकून कोणी दचकणार नाही. परंतु या वेटोळ्यांसाठी आखलेला प्रवाह ११,८५० अँपिअर आहे. साहजिकच एका विभागात सुमारे १०८ कोटी ज्यूल ऊर्जा साठते.

विजेच्या बिलाच्या भाषेत ही ऊर्जा ३०० युनिट होते आणि त्या दृष्टीने ती विशेष वाटत नाही. पण एवढी ऊर्जा एकाच परिपथात साठलेली असते आणि प्रवाह तुटला तर ती क्षणात बाहेर पडू पाहते. टीएनटी या स्फोटकाच्या मापात ती सुमारे २६० किलो भरते.

तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली तर हेन्रींचे प्रमाण साधारण १ : ६ : १२ असे येते. ऊर्जेचे प्रमाण १ : साडेतीन लाख : साडेचार अब्ज यांच्या घरात जाते. 'मोठा इंडक्टर' या शब्दाचा खरा अर्थ या दुसऱ्या प्रमाणात आहे.

आकार कशामुळे वाढतो?

इंडक्टरची ऊर्जा तारेत किंवा लोखंडात नव्हे, तर चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या जागेत असते. हवेत किंवा निर्वातात एक टेस्ला क्षेत्र असेल तर प्रत्येक घनमीटर जागेत सुमारे चार लाख ज्यूल मावतात. लोखंड क्षेत्राला वाट करून देते, परंतु दीड ते दोन टेस्लाच्या आसपास ते संपृक्त होते. त्यापुढे प्रवाह वाढविला तरी लोखंडाची मदत जवळजवळ संपते आणि इंडक्टन्स एकदम कोसळते. म्हणून शंट रिअॅक्टरच्या गाभ्यात जाणूनबुजून फटी ठेवतात. बरीचशी ऊर्जा त्या फटींत राहते. सुमारे एक टेस्ला क्षेत्र धरले तर वर काढलेल्या ८५,००० ज्यूलसाठी एका फेजला पंचमांश घनमीटरहून थोडी अधिक फट लागते. सभोवार त्या प्रमाणात लोखंड, तांबे व तेल येते आणि वजन कित्येक टनांवर जाते.

क्षेत्र वाढविले तर तेवढ्याच जागेत अधिक ऊर्जा मावते, कारण येथेही वर्गाचाच नियम लागतो. एलएचसीतील ८.३३ टेस्ला क्षेत्रात प्रत्येक घनमीटरमध्ये एक टेस्लाच्या तुलनेत सुमारे ६९ पट ऊर्जा असते. तांब्याच्या साध्या तारेतून हे करू गेल्यास उष्णतेनेच यंत्र निकामी होईल. म्हणून तेथे १.९ केल्व्हिन तापमानास थंड केलेली नायोबियम-टायटॅनियमची अतिसंवाहक तार वापरली आहे.

इलेक्ट्रॉनिक्समधून मोठा इंडक्टर का गेला?

व्हॉल्व्हच्या रेडिओत व ॲम्प्लिफायरमध्ये पुरवठ्याची गुणगुण घालविण्यासाठी दहा हेन्रींच्या आसपासचे फिल्टर चोक सर्रास असत. १० हेन्री व १०० मिलिअँपिअर या मापाच्या चोकमध्ये ऊर्जा असते केवळ ०.०५ ज्यूल. तरीही तो हाताला जड लागे, जागा घेई आणि महाग पडे. त्याची जागा प्रथम मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांनी व पुढे रेग्युलेटर परिपथांनी घेतली.

दुसरा मार्ग वारंवारता वाढविण्याचा. इंडक्टरचा अडथळा वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो. ट्यूबलाइटच्या इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये प्रवाह ५० हर्ट्झऐवजी समजा ४०,००० हर्ट्झने उलटसुलट केला, तर तोच ४०० ओहमचा अडथळा सव्वा हेन्रीऐवजी १.६ मिलिहेन्रीत मिळतो. म्हणजे ८०० पट लहान इंडक्टर पुरतो. संगणकाचा पॉवर सप्लाय व मोबाइलचा चार्जर एवढे हलके झाले त्यामागे हेच तत्त्व आहे.

तिसरा मार्ग अनुकरणाचा. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील बर्नार्ड टेलेगन यांनी १९४८ मध्ये गायरेटर ही संकल्पना मांडली. या परिपथाच्या एका बाजूस कपॅसिटर जोडला तर दुसऱ्या बाजूने तो इंडक्टरसारखा वागतो. ऑप-अँप उपलब्ध झाल्यावर हे काम स्वस्तात होऊ लागले. १०० ओहम, १ लाख ओहम व १ मायक्रोफॅरड एवढ्या साहित्यात १० हेन्रींचा भास निर्माण करता येतो, कारण या तिन्हींचा गुणाकारच इंडक्टन्सचे मूल्य असतो. ध्वनियंत्रांतील ग्राफिक इक्वलायझर व टेलिफोनचे परिपथ यांत याचा पुष्कळ उपयोग झाला.

या युक्तीची मर्यादा येथेच नोंदविणे आवश्यक आहे. गायरेटर इंडक्टरचे वर्तन दाखवितो, परंतु इंडक्टरएवढी ऊर्जा साठवीत नाही. ऑप-अँपला मिळणाऱ्या पुरवठ्यापलीकडे त्याची मजल जात नाही. म्हणून जेथे केवळ संकेतावर संस्कार करावयाचा असतो तेथे मोठा इंडक्टर टाळता येतो. जेथे प्रत्यक्ष ऊर्जा धरून ठेवावयाची किंवा अडवावयाची असते तेथे खरे वेटोळेच लागते.

यांच्या मधली एक जागा टेलिफोनच्या तारांची होती. लांब तारेवरून बोलणे क्षीण व अस्पष्ट होई. तारेतच इंडक्टन्स वाढविल्यास हा दोष कमी होतो, हे ऑलिव्हर हेविसाइड यांनी गणिताने दाखविले होते. १९०० च्या सुमारास मायकेल प्युपिन यांच्या पेटंटनंतर ठरावीक अंतरावर वेटोळी बसविण्याची पद्धत रुळली. प्रत्येकी ८८ मिलिहेन्रींची वेटोळी दर ६,००० फुटांवर, ही त्यांतील एक प्रसिद्ध मांडणी. सुमारे साडेतीन हजार हर्ट्झच्या वर मात्र ही वेटोळी संकेत अडवितात. त्यामुळे त्याच तारांवर ब्रॉडबँड देण्याची वेळ आली तेव्हा ती काढून टाकावी लागली.

जेथे पर्याय नाही

एकदिश विद्युतपारेषणात मोठ्या इंडक्टरला पर्याय नाही. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट दाबाची व १,५०० मेगावॉट क्षमतेची वाहिनी १९९९ पासून महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील वीज मुंबईच्या दिशेने आणते. अशा योजनेच्या प्रत्येक टोकास स्मूदिंग रिअॅक्टर असतो. थायरिस्टरांनी बनविलेल्या एकदिश प्रवाहात राहिलेली लहर तो सपाट करतो.

त्याचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. वाहिनीवर जवळच दोष उद्भवला तर प्रवाह किती वेगाने चढेल, हे रिअॅक्टर ठरवितो. उदाहरणादाखल ०.३ हेन्रींचा रिअॅक्टर धरला व त्यावर पूर्ण ५ लाख व्होल्ट आले असे मानले, तर प्रवाह दर मिलिसेकंदास सुमारे १,६७० अँपिअर चढतो. वेग भीतीदायक आहे, तरी नियंत्रण यंत्रणेला थायरिस्टर आवरण्यासाठी एक-दोन मिलिसेकंद मिळतात. इंडक्टर नसता तर तेवढाही अवधी राहिला नसता. येथे इंडक्टर जे पुरवितो ते वेळ होय.

रुग्णालयातील एमआरआय यंत्राचा चुंबक हाही अतिविशाल इंडक्टरच आहे. द्रवरूप हेलियमच्या साह्याने थंड केलेल्या अतिसंवाहक वेटोळ्यात एकदा काही शे अँपिअर प्रवाह भरला की दोन्ही टोके अतिसंवाहक दुव्याने जोडतात व पुरवठा काढून घेतात. रोध नसल्यामुळे प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. वीज गेली तरी चुंबक चालूच असतो. ही बाब अशा खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाने, सफाई कर्मचाऱ्यानेसुद्धा, समजून घेणे अत्यावश्यक आहे. वेटोळ्याचा एखादा भाग तापून अतिसंवाहकता गेली तर साठलेली काही मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हेलियम उकळून खोलीच्या तापमानास सुमारे सातशेपट पसरतो. म्हणूनच पारंपरिक रचनेच्या यंत्रापासून इमारतीबाहेर निघणारी रुंद नळी असते.

याहून मोठा टप्पा फ्रान्समध्ये उभारणी चालू असलेल्या ईटेर या संलयन प्रकल्पाचा. भारत २००५ पासून त्यात सहभागी आहे. त्याच्या १८ टोरॉइडल वेटोळ्यांत ६८,००० अँपिअर प्रवाहास ४,१०० कोटी ज्यूल ऊर्जा साठावयाची आहे. सूत्रातून मागे मोजत गेल्यास हे इंडक्टन्स अवघे १८ हेन्री भरते. जुन्या रेडिओतील फिल्टर चोकच्या दुपटीहून ते कमी आहे.

प्रवाह तुटतो तेव्हा : १९ सप्टेंबर २००८

कपॅसिटरमधील साठलेली ऊर्जा परिपथ जोडताना धोका उत्पन्न करते. इंडक्टरमधील ऊर्जा परिपथ तोडताना धोका उत्पन्न करते. इंडक्टर प्रवाह एकदम थांबू देत नाही. मार्ग बंद केला तर तो हवेतून, तेलातून किंवा माणसाच्या शरीरातून नवा मार्ग काढतो.

याचे मोठे उदाहरण एलएचसीतच घडले. १० सप्टेंबर २००८ रोजी तेथे पहिला झोत फिरविण्यात आला. नऊ दिवसांनी एका विभागातील प्रवाह वाढविला जात असताना सुमारे ८,७०० अँपिअरच्या टप्प्यावर दोन चुंबकांमधील जोड निकामी झाला. या सदोष जोडाचा रोध सुमारे २०० नॅनोओहम असावा असा निष्कर्ष नंतर काढण्यात आला. एवढ्या रोधातून त्या प्रवाहाने निर्माण होणारी उष्णता सुमारे १५ वॉट, म्हणजे बाजारात 'झिरोचा बल्ब' म्हणून मिळणाऱ्या जुन्या दिव्याएवढी होते. जोड तापला, अतिसंवाहकता गेली, प्रवाहाचा मार्ग तुटला आणि तेथे विद्युत आर्क निर्माण झाला. कारण वेटोळ्यांत त्या क्षणी सुमारे ६० कोटी ज्यूल ऊर्जा होती आणि प्रवाहाला थांबता येत नव्हते. आर्कने हेलियमचे आवरण भेदले. एकूण सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला, कित्येक टनांचे चुंबक जागेवरून सरकले आणि ५३ चुंबक बोगद्यातून वर काढावे लागले. यंत्रात पुन्हा झोत फिरला तो २० नोव्हेंबर २००९ रोजी.

एरवी तेथे हीच ऊर्जा शिस्तीने बाहेर काढतात. प्रवाहाला मोठ्या रोधांतून वाट दिली जाते आणि तो सुमारे १०० सेकंदांच्या काल-स्थिरांकाने उतरतो. प्रवाह हळू उतरला तर दाब मर्यादेत राहतो; तुटला तर दाबाला मर्यादा उरत नाही. मोठ्या इंडक्टरच्या सुरक्षिततेचा सर्व विचार या एका वाक्यात सामावलेला आहे.

कारागिराच्या हातातील इंडक्टर

सर्नचा बोगदा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे मात्र आयटीआय किंवा पदविका पूर्ण करून वीज कंपनीत वा दुरुस्तीच्या कारखान्यात लागलेल्या तरुणाच्या हाती पहिल्या वर्षातच येते. ते इंडक्टर आहे हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा रोध मोजण्यासाठी त्यातून एकदिश प्रवाह सोडतात. बंद लोखंडी गाभ्यामुळे त्या वेळी इंडक्टन्स फार मोठे असते. हिशेबासाठी ते १०० हेन्री, रोध १ ओहम व प्रवाह १० अँपिअर असे धरले, तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, काल-स्थिरांक १०० सेकंदांचा येतो. म्हणजे मापकावरील आकडा स्थिर होण्यास सात-आठ मिनिटे लागतात. घाईने घेतलेला आकडा चुकीचा असतो. दुसरी, वेटोळ्यात ५,००० ज्यूल ऊर्जा साठते. हृदयाचे ठोके पूर्ववत करण्यासाठी रुग्णालयात वापरतात ते यंत्र साधारणतः ३६० ज्यूलपर्यंत धक्का देते, हे लक्षात घेता या आकड्याचे गांभीर्य कळते.

मोजणी झाल्यावर कोणी चिमटा सरळ ओढून काढला आणि प्रवाह समजा सेकंदाच्या शंभराव्या भागात तुटला, तर गणिताने एक लाख व्होल्ट येतात. प्रत्यक्षात गाभ्याची संपृक्तता व आर्क यांमुळे आकडा कमी राहील, पण चिमटा धरणाऱ्या हाताला त्याचा दिलासा नाही. बॅटरी केवळ १२ व्होल्टची होती, म्हणून भय नाही, असा समज येथे घात करतो.

म्हणून या कामाचे नियम ठरलेले आहेत. प्रवाह वाहत असताना कोणतीही जोडणी काढू नये. प्रथम पुरवठा शून्यावर आणून वेटोळ्यास डिस्चार्जचा परिपथ द्यावा. प्रवाह पूर्ण उतरला आहे हे मापकावर पाहावे. टोके जमिनीशी जोडावीत आणि मगच चिमटे काढावेत. ट्रान्सफॉर्मरच्या इतर वेटोळ्यांच्या टोकांनाही या काळात हात लावू नये, कारण फॅरडेंच्या कड्याप्रमाणे दाब तेथेही उमटतो. रिलेच्या लहान वेटोळ्यावर उलटा डायोड बसवितात त्यामागेही हाच विचार आहे. ट्रान्झिस्टर बंद होताच प्रवाहाला फिरण्यासाठी वाट मिळते व ट्रान्झिस्टर वाचतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, इंडक्टरचे मोठेपण केवळ हेन्रींत मोजता येत नाही. प्रवाहाचा वर्ग त्यात धरावा लागतो. दोन, संकेतांच्या क्षेत्रात मोठ्या इंडक्टरची जागा कपॅसिटर, उच्च वारंवारता व गायरेटर यांनी घेतली. ऊर्जेच्या क्षेत्रात, म्हणजे पारेषण, एमआरआय, कणत्वरक व संलयन यांत त्याला पर्याय मिळालेला नाही. तीन, त्याचा धोका परिपथ तोडण्याच्या क्षणी असतो.

शिक्षकांनी या प्रकरणाचे अध्यापन करताना सूत्रे फळ्यावर मांडून थांबू नये. ट्यूबलाइटचा जुना चोक, दीड व्होल्टचा एक सेल आणि चोकच्या टोकांना जोडलेला लहान निऑन दिवा एवढे साहित्य पुरेसे आहे. सेल जोडलेला असताना दिवा अंधारा राहतो, कारण त्याला पेटण्यासाठी काही दशक व्होल्ट लागतात. सेल काढताच तो क्षणभर लुकलुकतो. दीड व्होल्टच्या सेलने हे कसे केले, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात तेथेच उभा राहतो. त्याचे उत्तर ज्याला वर्गात मिळाले, तो पुढे ट्रान्सफॉर्मरवरचा चिमटा काढण्यापूर्वी मापकाकडे पाहील.